खंडेनवमीचं पिस्तूल

लोअर हट
रविवार, २३ ऑक्टोबर २००५

अहो,

तुमच्या जिवलग बाळासाहेबांकडे फोन केला की त्यांची नीता म्हणते तुम्ही अंघोळीला गेलात. काल सकाळी अंघोळीला, दुपारी अंघोळीला, आज परत अंघोळीला. ऑकलंडच्या बॉटनी डाउन्सचं पाणी तुम्हाला फारच मानवलेलं दिसतंय. बोलायचं नसेल तर तसं सांगा, पण त्या बिचारीला खोटं बोलायला लावू नका. तिला ते धड जमतही नाही. म्हणून लिहायला बसले.

गुरुवारी तुम्ही बॅग भरलीत आणि वल्लरीला सांगितलंत, "बाळासाहेब घरामागे डेक बांधतोय, मदतीला ऑकलंडला जातो." सोळा वर्षांची मुलगी आहे ती. नळाचा वॉशर बदलायला आपल्याकडे प्लंबर येतो हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही गेल्यावर ती मला म्हणाली, "मम, डॅड इज सल्किंग, राइट?" मी म्हटलं, हो.

तुम्ही तिथे म्हणता आहात की बायकोने मला पोलिसांत दिलं. हे नीताकडूनच कळलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी तुम्हाला कुठेही दिलेलं नाही. मी गेल्या रविवारी सकाळी नेमबाजीच्या क्लबवर गेले, विरेमूला गाठलं आणि सांगितलं की काल मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटीवर असताना माझं पिस्तूल घरच्या तिजोरीतून बाहेर निघालं आणि ज्यांच्याकडे परवाना नाही अशा लोकांच्या हातात फिरलं. कोणी काढलं ते सांगितलं नाही. विरेमू क्लबचा कॅप्टन आहे, त्याला विचारता आलं असतं, पण त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला की हे मला पोलिसांना कळवावं लागेल, आणि तू आपण होऊन आलीस हेही लिहीन. मग त्याने मला चहा दिला.

का सांगायला गेलीस, असं तुम्ही त्या दिवशी तीनतीनदा विचारलंत. अहो, ड्यूटी नसेल त्या शनिवारी रेंजच्या टेबलाशी कोण बसतं? मीच ना? येणाऱ्या प्रत्येकाचा परवाना मी बघते. पिस्तूलवाल्याला त्यावर वेगळा शेरा लागतो, तो आहे की नाही तेही मी बघते. वीस वर्षं येणारे म्हातारे असले तरी बघते, आणि तेही कुरकुर न करता खिशातून काढून पुढे ठेवतात. बाकीच्यांना कागद मागायचे आणि आपलं ठेवायचं झाकून, हे मला जमलं नसतं. पुढच्या शनिवारी कुठल्या तोंडाने बसले असते त्या टेबलाशी?

आता तुमचं म्हणणं, झालं काय एवढं? शस्त्रपूजन तर केलं. बरं, मला काय दिसलं ते ऐका, कारण तुम्ही तेव्हा आरतीत दंग होतात.

दसरा होता बुधवारी, पण या न्यूझीलंडमध्ये आपले सगळे सण शनिवारी येतात. खंडेनवमी, दसरा सगळं एकातच उरकायचं. मी ड्यूटीवरून आले तर दाराबाहेर ही एवढी चपलांची आणि रबरी जँडल्सची रास. हॉलमध्ये पाट. पाटावर तुमचं ड्रिल मशीन, वल्लरीची गणिताची पुस्तकं, माझी विळी, आणि मधोमध माझ्या शालूच्या ब्लाऊजपीसवर माझं पिस्तूल. त्याला हळदकुंकू. नळीच्या तोंडाशी अक्षता. आपट्याऐवजी सोनं म्हणून वाटायला आणलेली इथल्या कावाकावाच्या झुडपाची पानं त्याच्यावर वाहिलेली. गोळ्या वेगळ्या कुलपात होत्या, तेवढं देवाने राखलं. मी चप्पल काढते आहे तोवर बाळासाहेबांनी ते उचललं, एक डोळा मिटला आणि टीव्हीवर नेम धरला. नीताने फोटो काढला.

टीव्हीच्या अलीकडे सोफ्यावर वल्लरी बसली होती, हे तुम्हाला दिसलं का? मला दिसलं. रिकामं का असेना, आमच्या रेंजवर माणसाच्या रेषेत नळी नेली तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढतात आणि पुन्हा घेत नाहीत. आणि तुम्ही काय म्हणालात? "ये गं, तुझीच वाट पाहत होतो. आरती घे."

किल्ली कशी मिळाली, तेही विचारलं मी. सगळ्यांदेखत. तिजोरीची किल्ली मी मंगळसूत्रात ओवून गळ्यात घालते, कारण ती सतत माझ्या अंगावर हवी असा नियम आहे. लॅबमध्ये गळ्यात काही लोंबतं चालत नाही, म्हणून ड्यूटीला जाताना मंगळसूत्र देव्हाऱ्यात ठेवते. देव्हाऱ्याला घरात कोणी हात लावणार नाही, असं मला वाटत होतं. तुम्ही हसून म्हणालात, "मंगळसूत्र मीच घातलंय ना तुझ्या गळ्यात? मग त्यातली किल्ली कोणाची?"

सगळे हसले. मीही हसले, ते माझं मला अजून पचत नाही.

बुधवारपासून वल्लरीची स्टडी लीव्ह आहे. घरी या.

विभावरी


लोअर हट
शनिवार, २९ ऑक्टोबर २००५

अहो,

तुमचं उत्तर नाही, पण बाळासाहेबांचा फोन आला. मला नाही, वल्लरीला. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर पोरगी फोन हातात धरून रडवेली.

त्यांनी तिला सांगितलं की पोलीस येतील तेव्हा नीट आठवून बोल. पिस्तूल मम्मीनेच बाहेर काढलं होतं, पुसायला. डॅड तेव्हा बाहेर होते. फोटो मम्मीनेच काढला. हे "नीट आठवायचं". तिने त्यांना सांगितलं, "अंकल, आय वॉज ऑन द सोफा." त्यावर म्हणाले, "बेटा, बापापेक्षा सोफा मोठा नाही."

मोठ्या माणसाचं असलं बोलणं ऐकून मला काय वाटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना उलटा फोन लावला आणि म्हटलं, बाळासाहेब, माझ्या मुलीला पुन्हा फोन केलात तर तुम्ही माझे कोणी नाही. ते म्हणाले, "वहिनी, मोरूच्या सांगण्यावरूनच केला." हे खरं आहे का? एवढं एकच कळवा. बाकी नाही कळवलंत तरी चालेल.

पोलिसांचं पत्र आलं आहे. सोमवारी, सात तारखेला, मिस्टर टेट घरी येणार. शस्त्रांच्या परवान्यांचं तेच बघतात. मला हे पिस्तूल मिळण्याआधी आपल्याकडे आले होते तेच, गुडघा धरून जिना चढणारे. तिजोरी बघणार, किल्ली कुठे असते ते बघणार, आणि विचारणार की कोणी उघडली. उत्तर मलाच द्यायचं आहे.

मी खरं सांगितलं तर काय होईल हे बाळासाहेबांनी मला पढवलं आहे. परवाना नसताना पिस्तूल हाताळलं म्हणून तुमच्यावर केस होईल. माझं आणि वल्लरीचं नागरिकत्व गेल्या वर्षी झालं, तुमचे कागद अपुरे म्हणून तुमचा अर्ज मागे राहिला होता, तो आता कायमचा अडकेल. तुमची सरकारी खात्यातली नोकरी, तिथेही प्रश्न विचारतील. आणि मी माझ्या अंगावर घेतलं तर काय? माझं पिस्तूल जाईल, क्लब जाईल. "तेवढंच ना वहिनी," म्हणाले.

तेवढंच. कॉलेजात एनसीसीत रायफल मारत होते, राज्याच्या संघात निवड झाली होती, आणि त्याच महिन्यात आपलं लग्न ठरलं. सासूबाई म्हणाल्या, आता बंदूक कशाला, बघायचं बाळ. तेव्हाही सगळ्यांनी तेवढंच म्हटलं होतं. मग हा देश, लॅबची नोकरी, आणि अडतिसाव्या वर्षी ही रेंज. इथे मला कोणी मोरूची बायको म्हणत नाही, वल्लरीची आई म्हणत नाही. ईस्टरला वेलिंग्टनकडून राष्ट्रीय स्पर्धेत मारायचं आहे मला, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही पेढे आणले होते. मला खूप बरं वाटलं होतं हो.

हे सगळं सप्टेंबरमधल्या त्या शनिवारी सुरू झालं, नाकबूल करू नका. बाळासाहेब आले होते, तुम्ही मला आधी न सांगता त्यांना रेंजवर घेऊन आलात. हातात पिशवी, पिशवीत बंदुकीचा नवाकोरा सायलेन्सर. इथे सायलेन्सर दुकानात कागदाशिवाय मिळतो, शेतकरी सशांसाठी नेतात, तर यांचा समज असा की सायलेन्सर मिळाला म्हणजे बाकीचं सगळं त्याच्यावर फुकट. मी म्हटलं, परवाना दाखवा. त्यांनी पाकिटातून सातारच्या कलेक्टरच्या परवान्याची लॅमिनेट केलेली झेरॉक्स काढली. बारा बोअरचा, तोही वडिलांच्या नावाचा. मी हात जोडून सांगितलं की नवीन माणसाला आधी कॅप्टनला कळवून यावं लागतं, पुढच्या महिन्यात ओपन डे आहे, मी स्वतः शेजारी उभी राहून शिकवीन.

"वहिनी, आपल्याच माणसाला कागद मागता?"

मागे रांगेत चार माणसं होती. मी म्हटलं, इथे सगळ्यांनाच मागते, भाऊजी. ते तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डोळ्यांनी सांगितलंत की सोड ना. मी सोडलं नाही. तुम्ही दोघं गाडीत जाऊन बसलात. पुढे महिनाभर फोनवर ते तुम्हाला काय म्हणायचे ते मला ऐकू यायचं, त्यांचा आवाज काही लहान नाही. "काय मोरू, घरात शिरताना पण लायसन्स दाखवतोस काय?" तुम्ही हसायचात आणि फोन ठेवला की माझ्या भाजीत मीठ जास्त व्हायचं.

म्हणून ती तिजोरी उघडली तुम्ही. देवासाठी नाही. बाळासाहेबांना दाखवायला, की घर कोणाचं आहे. देवाचं नाव त्यात उगाच आलं.

तुम्हाला आठवतं का, मला पिस्तूल द्यायच्या आधी टेटनी तुम्हाला वेगळं बसवून विचारलं होतं. घरच्या माणसाला विचारतातच, हिच्याकडे हत्यार दिलं तर तुम्हाला काही काळजी वाटते का. तुम्ही म्हणालात, "नो नो, शी इज हार्मलेस." मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तुमच्या त्या शब्दावर मला पिस्तूल मिळालं आणि तो शब्द मला सुईसारखा टोचला. चांगलं म्हणायलाच तुम्ही तो वापरलात, तेही मला कळतं. तुमच्या लेखी बाईला याच्याहून मोठं सर्टिफिकेट नसावं.

वल्लरीला फोन तुमच्या सांगण्यावरून होता की नाही, ते कळवा.

विभावरी


लोअर हट
बुधवार, २ नोव्हेंबर २००५, पाडवा

अहो,

काल लक्ष्मीपूजन झालं. मी आणि वल्लरीने केलं. तिला आरती पाठ नाही, पण टाळ्या जोरात वाजवल्या. चकल्या मऊ पडल्या. शेजारच्या शॅरनला ताट दिलं, ती म्हणाली, "हीप्स ऑफ फूड, व्हेअर्ज मो?" मी म्हटलं ऑकलंडला, कामाला.

आज पाडवा. सकाळी ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी सगळं काढलं आणि मग लक्षात आलं की ओवाळायचं कोणाला. लग्नापासून एकही पाडवा चुकला नव्हता. तुम्ही सिंगापूरला होतात त्या वर्षीसुद्धा पहाटे विमानाने आला होतात, ओवाळणीत मला छत्री घातली होतीत कारण दुसरं काही घ्यायला वेळ नव्हता. मी रागावले होते. आता हसू येतं, आणि मग डोळ्यांत पाणी. तुम्हाला कळावं म्हणून लिहीत नाही. आलं म्हणून लिहिलं.

तुमचा फोन आला त्याबद्दल. बोललात हे बरं केलंत. आवाज ओढलेला वाटला. तुम्ही म्हणालात की झोप लागत नाही, ऑफिसने काही विचारलं तर काय सांगू, पन्नाशीला आलो, आता परत शून्यापासून कुठे जाऊ. वल्लरीला फोन करायला तुम्हीच सांगितलं होतं, हेही तुम्ही कबूल केलंत. सरळ कबूल केलंत म्हणून माझा निम्मा राग गेला. मी फार रागीट असले तरी तशी लवकर विरघळते, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचा फायदा घ्यायलाही तुम्हाला येतो.

दोन दिवस विचार केला. ड्यूटीवर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावताना, जेवताना, वल्लरीचे केस विंचरताना तेच. शेवटी ठरवलं.

मी सांगेन. पिस्तूल मी काढलं असं सांगेन. फोटोही मीच काढला म्हणेन. माझं पिस्तूल जाईल, रेंज जाईल, ईस्टर जाईल. गेलं तर गेलं. माणसापुढे पिस्तूल कसलं, असं आई म्हणाली असती, आणि आईशी वाद घालायला ती आता नाही.

पण माझ्या दोन अटी आहेत.

वल्लरी काही बोलणार नाही. तिला त्या दिवशी मैत्रिणीकडे पाठवीन. तिच्या तोंडून खोटं मला ऐकायचं नाही, ना तुमच्यासाठी ना माझ्यासाठी.

दुसरी अट म्हणजे तुम्ही रविवारपर्यंत घरी यायचं. सोमवारी मी टेटसमोर खोटं बोलेन तेव्हा तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. काही बोलू नका. नुसतं बसा आणि ऐका. मी काय देते आहे ते तुमच्या कानांनी तुम्हाला ऐकावं लागेल. बॉटनी डाउन्सला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि नंतर नीताकडून "मिटलं का?" विचारायचं, हे चालणार नाही.

एवढं केलंत तर मी पुढे कधी हा विषय काढणार नाही. माझा शब्द आहे. मी शब्द मोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

रविवारी सकाळची विमानं रिकामी असतात. या.

तुमची
विभावरी


लोअर हट
मंगळवार, ८ नोव्हेंबर २००५

मोरेश्वर,

नाव लिहून पाहिलं. काही झालं नाही, घर जागेवर आहे.

तुम्ही आला नाहीत. मी रविवारी अळूवड्या केल्या होत्या, वेडेपणा माझा. पॅसिफिक बेटवाल्यांच्या दुकानातून अळूची पानं आणली, वल्लरीने शिरा काढून दिल्या. दुपारी गाडीचा आवाज आला की ती खिडकीशी जायची. संध्याकाळी तुमच्याऐवजी ईमेल आला. बाळासाहेबांच्या पत्त्यावरून. "मोरूने तिथे असणं बरं दिसणार नाही, संशय येईल. सोबतचं निवेदन वहिनींनी सही करून द्यावं." आणि खाली टाइप केलेलं पानभर इंग्रजी, की मी, विभावरी, पिस्तूल स्वच्छ करण्यासाठी काढलं होतं, पाहुण्यांनी माझ्या परवानगीने ते पाहिलं, माझे पती त्या वेळी बागेत होते.

बागेत. आपल्या बागेत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? लॉन मी कापते, लिंबाला पाणी वल्लरी घालते. खोटं लिहितानाही त्यांना तुम्हाला कुठे ठेवावं ते सुचलं नाही.

मी ते छापलं. दोनदा वाचलं. सहीसुद्धा केली असती, इतकी मी मऊ झाले होते. माझी अट काय होती? शेजारच्या खुर्चीत बसा. एक तास. विमानाने एक तास आणि खुर्चीत एक तास. मी माझं सगळं देत होते आणि तुम्हाला ते बघवेना. घ्यायला तयार होतात, बघायला तयार नव्हतात. त्या पानाचे मी तुकडे केले आणि अळूच्या शिरांबरोबर कचऱ्यात टाकले.

काल टेट आले. बूट दारात काढले, आपले पाहुणे काढतात तसे. मी चहा ठेवला. वल्लरीला मैत्रिणीकडे पाठवायचं राहिलं, म्हणजे मी पाठवलंच नाही. ती पुस्तक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि हलली नाही.

त्यांनी तिजोरी बघितली, जमिनीला ठोकलेले बोल्ट हलवून बघितले. किल्ली विचारली. मी मंगळसूत्र दाखवलं. ते म्हणाले, "चांगली जागा आहे. कामावर जाताना?" मी देव्हारा दाखवला, लॅबचा नियम सांगितला. ते लिहीत होते. मग मान वर न करता विचारलं की त्या शनिवारी ही तिजोरी कोणी उघडली.

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने.

त्यांनी विचारलं, तू सांगितलं होतंस? मी म्हटलं नाही. पिस्तूल आणखी कोणाच्या हातात होतं? मी बाळासाहेबांचं नाव सांगितलं. तो फोटो बाळासाहेबांनी स्वतःच मराठी मंडळाच्या चाळीस लोकांना ईमेलने पाठवला होता, त्यातून एक डोळा मिटलेले ते छान ओळखू येतात. फोटो वल्लरीने तिच्या कॉम्प्युटरवर काढून दाखवला. कोणी तिला सांगितलं नव्हतं. टेटनी तो पाहिला, मग सोफ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू इथे होतीस?" ती म्हणाली, "येस. आय टोल्ड डॅड नॉट टु. ही टोल्ड मी टु फोल्ड माय हँड्स अँड प्रे." हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

टेटनी चहा संपवला. म्हणाले की तू आपण होऊन आलीस, त्यामुळे तुझ्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. नवऱ्याशी बोलेन. पहिलीच वेळ आहे, बहुतेक लेखी ताकीद मिळेल, पण ती कागदावर राहील, आणि नागरिकत्ववाले ती बघतील. मी म्हटलं, बरं.

मग पेन खाली ठेवलं. म्हणाले, मला एकच सांग, खरं सांग. किल्ली बदललीस, जागा बदललीस, तरी त्याला कधी पाहिजे असलं तर तो पुन्हा घेईल का?

यासाठी मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. दोन आठवडे मी पहिल्या प्रश्नाशीच झुंजत होते. नाही म्हणावंसं वाटलं. अठरा वर्षांचा संसार आहे, नाही यायला हवं होतं तोंडात. तुम्ही वाईट नाही, मारकुटे नाही, दारू नाही, हे सगळं मी मनात म्हणून घेतलं. पण तुम्ही घ्याल. बाळासाहेब हसले की घ्याल. आणि देव्हाऱ्यातून घेतलेलं तुम्हाला चोरी वाटणार नाही, आपल्याच घरातलं वाटेल.

मी म्हटलं, हो.

त्यांना वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, मग माझा नाइलाज आहे. तो ज्या घरात राहतो त्या घरात मी हे पिस्तूल ठेवू शकत नाही.

मी म्हटलं, तो इथे राहत नाही.

वल्लरीने पुस्तकातून डोकं वर काढलं. टेटनी विचारलं, खात्री आहे? हे मला लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. त्यांनी तुमचा पत्ता विचारला, मी बॉटनी डाउन्सचा दिला. ते या आठवड्यात तुम्हाला आणि बाळासाहेबांना फोन करतील. दोघांनीही खरं सांगा, माझं आता सांगून झालं आहे.

ते गेल्यावर मी रडले, भरपूर. आनंद झाला नाही. पिस्तूल राहिलं आणि मी जेवायला उठले नाही. वल्लरीने माझ्यापुढे अळूवडी ठेवली आणि मराठीत म्हणाली, "खा." तिचं मराठी असंच असतं, आज्ञेपुरतं. मी खाल्ली.

तुमचे स्वेटर, ऑफिसचे शर्ट आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या खोक्यात भरल्या आहेत, कुरिअरने येतील. मुलीला फोन कधीही करा, मी मध्ये येणार नाही. भेटायला वेलिंग्टनला आलात तर बाहेर भेटा, मी तिला सोडायला येईन.

एक नियम टेटनी जाताना पुन्हा वाचून दाखवला, तो तुम्हाला कळवणं माझं काम आहे. घरात राहणाऱ्या माणसांत बदल झाला तर मी त्यांना आधी कळवायचं. तेव्हा घरी राहायला यायचं मनात आलं, तर येण्याआधी मला पत्राने कळवा. मी ते पत्र त्यांच्याकडे पाठवीन. ते मला परत तोच प्रश्न विचारतील, आणि तेव्हा मला जे खरं वाटेल ते मी सांगेन.

विभावरी